सैनिकाची हरवलेली झोंप

युद्धावरून परतलेल्या सैनिकाचा हात गळ्यांत बांधलेला दिसला म्हणजे आपण आदरानें बाजूला सरतों. परंतु ज्याच्या अंगावर ओरखडाहि नाहीं आणि तरी जो रात्रभर छताकडे पाहत पडतो, त्याला आपण 'भित्रा' किंवा 'चिंतातुर' म्हणून मोकळे होतों. आज त्याच्याविषयीं बोलावयाचें आहे.

प्रश्न जुनाच आहे. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनीं १९१५ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या स्फोटानें मेंदू दुखावतो कीं मन, असा वाद त्या काळीं माजला. २००१ नंतर अफगाणिस्तानांत व २००३ नंतर इराकांत लढलेल्या अमेरिकन सैनिकांमुळें तो पुन्हां उभा राहिला. कारण रस्त्यांत पेरलेल्या स्फोटकांनीं अनेकांच्या मेंदूला हादरा बसला होता.

या इजेला वैद्य 'सौम्य' म्हणतात. तींत शुद्ध हरपलीच तर अर्ध्या तासाच्या आंत परत येते, आणि मेंदूचें छायाचित्र बहुधा निर्दोष निघतें. पण इजा सौम्य म्हणून पुढील त्रासहि सौम्य, असें नव्हे. कोणाला झोंप लागत नाहीं, कोणी दचकून उठतो, कोणाचा श्वास झोंपेंत वारंवार अडतो. शिवाय अपुऱ्या झोंपेनें डोकेदुखी, विस्मरण व चिडखोरपणा वाढतो. आणि हीं सारीं मेंदूच्या इजेचींच लक्षणें समजलीं जातात.

म्हणून 'मेंदू बरा झाला कीं झोंप येईल', अशी वाट पाहत बसूं नये. झोंपेवर स्वतंत्र उपचार करतां येतो. मद्यानें डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीं झोंप मोडते; गुंगीच्या कित्येक गोळ्यांनीं बुद्धि मंदावते व त्यांची संवय जडते. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय औषध नव्हे, तर झोंपेविषयींचे विचार व संवयी बदलणें होय, असें अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनें २०१६ सालीं सांगितलें. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. बिछाना झोंपेपुरताच वापरावा. सुमारें वीस मिनिटांत झोंप न आल्यास उठून दुसरीकडे बसावें, पेंग आल्यावरच परतावें. बिछान्यांतील वेळ कमी करून झोंप घट्ट करण्याचीहि रीत आहे. मात्र ती जाणत्याच्या देखरेखीखालींच.

यांत घरच्यांचा वांटा मोठा आहे. झोंपेंत आपला श्वास अडतो हें त्या माणसाला स्वतःला ठाऊक नसतें; तें शेजारीं निजणाऱ्या पत्नीला दिसतें. तो दचकला तर त्याला हलवूं नये, थोडें दूर राहून नांवानें हाक मारावी. आणि डॉक्टरांकडे जातांना त्याच्याबरोबर जाऊन, त्याचा दिवस कसा जातो याबरोबरच त्याची रात्र कशी जाते, हेंहि सांगावें.