तप, मधुमेह आणि मूत्रपिंड



पर्युषण जवळ आले की डॉक्टरांपुढे एक प्रश्न हमखास येतो. मूत्रपिंड अधू झालेले, पोट सुटलेले, मधुमेहासाठी गोळी किंवा इन्सुलिन घेणारे श्रावक विचारतात, "अठ्ठाई करावी का? अलीकडे साखर आपोआप कमी येते आहे." या 'आपोआप'मध्येच धोका दडलेला आहे.

१९८८ साली अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी दाखवून दिले की, उच्च रक्तदाब, वाढलेली रक्तशर्करा आणि रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण यांचे मूळ पुष्कळदा एकच असते. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देत नाहीत, यालाच इन्सुलिनरोध म्हणतात. पुढे या समूहाला 'मेटाबॉलिक सिंड्रोम' हे नाव रूढ झाले. २००५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार दक्षिण आशियाई पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा होय. (शिंप्याचे माप येथे चालत नाही, कारण पट्टा पोटाखाली बांधला जातो.) कृश देहानेही निश्चिंत राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्या उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले. शाकाहार हेही पुरेसे कवच नव्हे; तिथीला हिरवी भाजी वर्ज्य करून ताटात शेव, पापड आणि फरसाण वाढले, तर मीठ आणि तेल दोन्ही वाढतात.

मूत्रपिंडाशी या विकाराचे नाते दुहेरी आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वाढलेला दाब आणि साखर यांमुळे त्या झिजतात, लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागते. उलट, मूत्रपिंड थकले की रक्तात आम्ल साचते, स्नायू क्षीण होतात आणि इन्सुलिनरोध आणखी वाढतो. परंतु आजार पुढे गेला की चित्र पालटते. इन्सुलिनचा बराचसा भाग मूत्रपिंडातच नष्ट होतो. ते काम मंदावल्यावर इन्सुलिन शरीरात रेंगाळते. काही गोळ्यांचा प्रभावही लांबतो. शिवाय दीर्घ उपवासात निरोगी मूत्रपिंड स्वतः शर्करा तयार करून देते, तो आधारही लंगडा पडतो. साखर कमी दिसते ती रोग बरा झाला म्हणून नव्हे, तर मूत्रपिंड आणखी खालावले म्हणून.

अशा रुग्णाने नेहमीचाच डोस घेऊन चौविहार उपवास केला, तर पहाटे घाम सुटतो, हात कापतात, भान हरपू लागते. पच्चक्खाण मोडेल या भयाने तो साखर तोंडात घालत नाही. वस्तुतः उपवासाच्या पच्चक्खाणातच सर्वसमाधिप्रत्यय आगार ठेवलेला आहे. तीव्र पीडेत औषध घेण्यास त्याने मुभा दिली आहे. पूर्वाचार्यांना देहाची मर्यादा ठाऊक होती.

निर्जल उपवासाचे संकट वेगळे. पाणी घटले आणि लघवी वाढवणारी किंवा रक्तदाबाची गोळी चालूच राहिली, तर क्रिएटिनिन झपाट्याने चढू शकते. 'ग्लिफ्लोझिन' वर्गाची औषधे मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतात, हे २०१९ आणि २०२० च्या मोठ्या चाचण्यांत दिसले. पण उपवासात ती चालू ठेवल्यास रक्तात घातक आम्ल साचण्याची भीती असते.

मग तपच करू नये काय? बाह्य तपाच्या सहा भेदांत अनशन हा केवळ पहिला. भुकेपेक्षा चार घास कमी खाणारी ऊनोदरी आणि तूप, तेल, साखर सोडणारा रसपरित्याग यांचा रोख थेट इन्सुलिनरोधाच्या मुळावर आहे. आयंबिलही काहींना मानवेल, मात्र डाळींतील पोटॅशियमचा हिशेब आधी पाहावा लागेल. सोळा कारण भावनांतही तप शक्तीनुसारच सांगितले आहे.

पर्युषणापूर्वी दोन आठवडे क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. रक्तक्षय असल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी फसवी ठरू शकते, म्हणून बोटातून रक्त घेऊन घरीच साखर पाहावी. औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी, पच्चक्खाणाचा विचार गुरुमहाराजांपुढे मांडावा आणि घरच्या श्राविकेने उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवावी.