समुद्र पाच मिनिटांवर : जाहिरात वाचावी कशी?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला माझ्यापेक्षा जुनी मंडळी इथे बसली आहेत. मला कमिटीने सांगितलं, "काका, तुम्ही बँकेतले, काहीतरी उपयोगाचं बोला." म्हणून व्यवहाराचंच बोलतो. हल्ली सुट्टी लागली की घरोघरी मोबाइलवरून बंगला नाहीतर होमस्टे बुक होतो. फोटो बघायचे, पैसे भरायचे, गाडी काढायची. आणि परत आल्यावर लिफ्टमध्ये ऐकू येतं, "फोटोत होतं तसं काही नव्हतं हो!"

या जाहिरातींची भाषाच निराळी. 'समुद्र पाच मिनिटांवर' म्हणजे गाडीने, तेही रस्ता मोकळा असेल तर. 'सी व्ह्यू' म्हणजे गच्चीवर जाऊन मान वाकडी केली तर. 'दहा जणांची सोय' म्हणजे खाटा सहा, बाकीच्यांना जमिनीवर गाद्या. 'घरगुती जेवण मिळेल', पण ताटाचे पैसे वेगळे. यातलं एकही वाक्य सरळसरळ खोटं नाही. फसगत होते ती न लिहिलेल्या शब्दांमुळे. बँकेत कर्जाची फाइल टेबलावर आली की मी आधी काय लिहिलंय ते वाचायचो आणि मग काय लिहिलेलं नाही ते शोधायचो. जाहिरातही तशीच वाचावी.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन कुटुंबं कोकणात गेलो होतो. जाहिरातीत 'ज्येष्ठांसाठी सोयीचे' असं लिहिलेलं. प्रत्यक्षात रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याच्या बेचाळीस पायऱ्या आणि कठडा नाही. आमच्या सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. ड्रायव्हर आणि पुतण्या, दोघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. नंतरचे दोन दिवस ती खाली उतरलीच नाही. समुद्राला गेलो आणि तिने समुद्र पाहिला नाही. मालक म्हणाले, "काका, कोकणात पायऱ्या असायच्याच." मी म्हटलं, "असू देत की! पण मग तसं लिहा."

त्याच संध्याकाळी पायऱ्यांचे फोटो काढले, जाहिरातीच्या स्क्रीनशॉटसह बुकिंगच्या अ‍ॅपवर लेखी तक्रार केली. आठवड्याभरात एका रात्रीचं भाडं परत आलं. पैशांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे जाहिरातीत आता पायऱ्यांचा उल्लेख आहे.

मित्रहो, कायदा आपल्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणंही येतं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी कोकणात किंवा गोव्याला खेटे घालायला नकोत. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत 2 वर्षांची. मात्र पुरावा हवा. म्हणून बुकिंगच्या आधी पायऱ्या, पाणी, पार्किंग, जेवण, जे आपल्याला महत्त्वाचं ते फोनवर नाही, लेखी विचारा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. आणि तक्रार मुक्काम संपल्यावर नाही, पोहोचल्या दिवशीच करा.

आता थोडं घरचं. आपल्या इमारतीतलेही एक-दोन फ्लॅट दिवसाच्या भाड्याने दिले जातात. ते द्यावेत की नाही हा जनरल बॉडीचा विषय, त्यात मी आज शिरत नाही. पण मे महिन्यात एक कुटुंब रात्री अकराला आलं. जाहिरातीत 'कव्हर्ड पार्किंग, क्लब हाउस' असं वाचून आलेलं. पार्किंग सभासदांचं, क्लब हाउस नऊला बंद. लहान मूल रडतंय, म्हातारी आई लॉबीत बसलेली आणि शिव्या खाल्ल्या आपल्या वॉचमनने. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पुढे त्यांनी जो अभिप्राय लिहिला, त्यात फ्लॅटमालकाचं नाव नव्हतं, आपल्या सोसायटीचं होतं.

पंचवीस वर्षं मेंटेनन्स भरून, भांडून, पुन्हा एकत्र गणपती बसवून आपण हे नाव कमावलंय. म्हणून माझी एक सूचना आहे. जो सभासद फ्लॅट असा देतो, त्याने जाहिरातीचा मजकूर कमिटीला आधी दाखवावा. पार्किंग आहे की नाही, पाणी किती वाजता येतं, रात्री गेटचे नियम काय, एवढं त्यात स्वच्छ लिहावं. चार पाहुणे कमी येतील, पण जे येतील ते नाव ठेवून जाणार नाहीत.

जेवण तयार आहे असं सेक्रेटरी खुणावताहेत. त्याची जाहिरात मात्र खरी आहे, वास येतोय! सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.