मांडीवरच्या गिटारीचे सूर



मारेगावात कार्यक्रम म्हटला की पेटी आणि ढोलकी आलीच. त्यांच्या जोडीला मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची हवाईयन गिटार आपल्या मुलांनी शिकावी, असे आम्हांस वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जोसेफ केकुकू यांनी ही पद्धत रूढ केली. मुंबईत व्हॅन शिप्ले व हजारा सिंग यांनी या गिटारीवर चित्रपटगीतांच्या धुना वाजविल्या.

साध्या गिटारीवर बोटे वेगवेगळ्या तारा दाबतात. येथे एकच पोलादी बार सर्व तारांवर सरळ टेकतो. म्हणून एक तार उतरलेली असली, तर ती चूक बारासोबत सगळीकडे फिरते.

जुळविण्याची सोपी रीत सांगतो. पेटीची पांढरी पाच हा षड्ज धरा. जाड तारेकडून बारीक तारेकडे प, सा, प, सा, ग, प असे लावा. साध्या गिटारीची पहिली, पाचवी व सहावी तार एकेक पूर्ण स्वर उतरवावी लागते. बाकीच्या तशाच राहतात. एकही तार चढवावी लागत नाही, त्यामुळे तुटण्याची भीती कमी. मात्र तार थोडी जास्त सैल करून, मग चढवीत सुरावर आणा. म्हणजे ती टिकते.

गाणारी मुलगी काळी दोनमध्ये गात असेल, तर बार आठव्या खुणेच्या बरोबर वर धरा. आपल्या सोयीसाठी तिला आवाज ताणावयास लावू नका. साथीदाराने गाणाऱ्याच्या सुरापर्यंत जावयाचे असते.

कार्यक्रमापूर्वी दहा मिनिटे तारांसाठी राखून ठेवा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.