‘पण तशी दिसत नाहीस!’



अमेरिकेत ज्यांचे आईवडील वेगवेगळ्या वंशांचे आहेत, अशा मुलांना एक प्रश्न लहानपणापासून चिकटलेला असतो: तू नक्की कोण? उत्तर दिलं तरी सुटका नाही. ‘पण तशी दिसत नाहीस,’ हे वर ऐकावं लागतं. कॉलेजसाठी घर सुटलं की हे जास्तच टोचतं.

या प्रश्नामागे कायद्याचा इतिहास आहे. गोऱ्यांनी इतर वंशांत लग्न करण्यावरची बंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली मोडून काढली, तेव्हाही सोळा राज्यांत ती लागू होती. जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदवता येऊ लागले ते २००० साली. २०२० मध्ये अशी नोंद ३ कोटी ३८ लाख लोकांची झाली. अर्थात, मोजण्याची पद्धत बदलल्यामुळेही हा आकडा फुगला.

अशा तरुणांसाठी गट-उपचाराचा चांगला उपयोग होतो. सात-आठ जण, सोबत एक-दोन समुपदेशक, आठवड्याला साधारण दीड तास, आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही ही अट. ‘हे माझ्या एकटीचंच नाही,’ एवढं कळलं तरी ओझं हलकं होतं. पण खरं काम पुढेच असतं. पहिल्या दिवशी हीच मुलं मनातल्या मनात एकमेकांचा वंश ताडत असतात! गोरा म्हणून सहज खपून जाणारा एक, दुकानात जिच्यावर पाळत ठेवली जाते अशी दुसरी. त्यांच्यातला हेवा आणि राग तिथेच बोलला जातो. एक बाजू निवडली की दुसऱ्या पालकाला दुखावल्याची बोचही बाहेर येते.

मिश्र वंशाच्या माणसाची ओळख कशी घडते, याच्या पाच पायऱ्या कार्लोस पोस्टन यांनी १९९० साली मांडल्या. मला तो जिना जरा जास्तच सरळ वाटतो. मानसशास्त्रज्ञ मारिया रूट यांचं म्हणणं अधिक पटतं: सख्ख्या भावंडांनीही आपली ओळख वेगवेगळी सांगावी, पुढे ती बदलावी, हा त्यांचा हक्क आहे. म्हणूनच गटानं कुणाला उत्तर ठरवून देऊ नये.

आपल्यापैकी काहींची नातवंडं तिकडे अशाच घरांत वाढत आहेत. ती सुट्टीत आली की ‘नाक आमचं, रंग त्यांचा’ अशी वाटणी करू नका. आणि नात म्हणाली, मी अशा गटात जाते, तर ‘तुला काय झालंय?’ असं विचारू नका. तिला खुशाल जाऊ द्या.