विजेचा दर कोणी ठरवावा?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परकीय कर्ज आणि घरातले विजेचे बिल या दोन गोष्टी आपल्या मनात वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. पहिली अर्थमंत्र्यांची आणि दुसरी गृहिणीची, अशी आपली समजूत असते. ही समजूत ज्यांच्या सोयीची आहे त्यांनीच ती जोपासली आहे. या दोहोंना जोडणारा धागा आज उलगडून पाहावा, असा माझा प्रयत्न आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये वीजपुरवठा कायदा झाला व राज्य विद्युत मंडळांची तरतूद झाली. मंडळाने शक्यतो तोटा करू नये एवढीच तेव्हा अपेक्षा होती. नफा हे त्याचे प्रयोजन नव्हते. जागतिक बँकेचे कर्ज विजेसाठी आपल्याकडे १९५० पासून येत आहे. दामोदर खोऱ्यातील बोकारोचे वीजकेंद्र त्यातून उभे राहिले. त्या कर्जालाही अटी होत्याच. परंतु त्या मुख्यतः यंत्रसामग्री, हिशेब आणि परतफेड यांच्यापुरत्या होत्या. पुढे मंडळांच्या भांडवलावरील परताव्याचा आग्रह वाढत गेला आणि १९८३ च्या दुरुस्तीने स्थिर मालमत्तेवर किमान ३ टक्के वाढावा मिळवण्याचे बंधन कायद्यात आले.

खरे वळण १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटानंतर आले. १९९३ मध्ये जागतिक बँकेने वीजक्षेत्राविषयीचे आपले धोरण जाहीर केले. जे देश दरनियमन सरकारपासून वेगळे करतील, मंडळांना व्यापारी तत्त्वावर चालवतील आणि खाजगी भांडवलाला वाव देतील त्यांनाच यापुढे कर्ज, असा त्याचा मथितार्थ होता. पूर्वीचे कर्ज धरण आणि टर्बाइन यांसाठी होते. आता कर्जाच्या बदल्यात कायदाच मागितला जाऊ लागला.

याच काळात आपल्या दारात दाभोळ आले. एन्रॉनशी सामंजस्य करार जून १९९२ मध्ये झाला. गंमत अशी की, या प्रकल्पाला पैसा देण्यास जागतिक बँकेनेच १९९३ मध्ये नकार दिला. ही वीज महाग पडेल आणि राज्याला ती पेलणार नाही, असे तिचे मत होते. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. अमेरिकी सरकारच्या वित्तसंस्थांनी आणि आपल्याच बँकांनी कर्जे दिली. राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी उभी राहिली. १९९५ मध्ये नव्या राज्य सरकारने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून प्रकल्प मोठ्या स्वरूपात पुन्हा स्वीकारला.

त्या कराराचे मर्म दोन कलमांत होते. वीज घेतली वा न घेतली तरी स्थिर आकार द्यायचा, हे एक. आणि किमतीचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला, हे दुसरे. करार झाला तेव्हा डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता. २००१ मध्ये तो ४७ च्या आसपास गेला. रुपया घसरला की दर चढणार! त्यासाठी विधानसभेत ठराव लागला नाही, कोणा मंत्र्याला सही करावी लागली नाही. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि पुढच्या वर्षी काही महिन्यांत युनिटला ७ रुपयांहून अधिक किंमत मोजावी लागली. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली. डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये तो बंद कारखाना सावरण्यासाठी एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनाच पुढे यावे लागले. नफ्याची हमी खाजगी, आणि बुडिताची जबाबदारी सार्वजनिक!

दाभोळ हा एका लबाड कंपनीचा प्रताप होता असे म्हणून सुटका करून घेता येईल. म्हणून ओरिसाकडे पाहा. तेथे जागतिक बँकेच्या ३५ कोटी डॉलरच्या कर्जाबरोबर १९९६ मध्ये मंडळाचे विभाजन झाले आणि १९९९ मध्ये चारही वितरण कंपन्यांची मालकी खाजगी हातांत गेली. त्याच वर्षीच्या महाचक्रीवादळाने तारा-खांब जमीनदोस्त केले. मध्य ओरिसाची अमेरिकी कंपनी २००१ मध्ये निघून गेली, आणि उरलेल्या तीन कंपन्यांचे परवाने नियामक आयोगाने २०१५ मध्ये रद्द केले. आंध्र प्रदेशात १९९८ मध्ये सुधारणा कायदा झाला, १९९९ मध्ये कर्जाचा पहिला हप्ता आला आणि २००० मध्ये घरगुती दरांत मोठी वाढ झाली. तिच्या विरोधात २८ ऑगस्ट २००० रोजी हैदराबादेत विधानसभेवर मोर्चा निघाला. बशीरबागेत पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तीन माणसे गेली. कर्जाच्या कराराखाली त्यांची सही नव्हती.

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात, मंडळे बुडत होती, गळती प्रचंड होती, मग पैसा कोठून आणायचा? यात तथ्य आहे. आपल्या मंडळाने वर्षानुवर्षे गळती १८ टक्क्यांच्या आसपास दाखवली. राज्य वीज नियामक आयोगाने २००० मध्ये पहिली दरसुनावणी घेतली तेव्हा ती ३० टक्क्यांच्या वर असल्याचे उघड झाले. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर बरीच चोरी खपवली जात होती. म्हणजे शेतकऱ्याला अनुदानाचा दोष लागला, आणि वीज खाल्ली दुसऱ्यांनीच. हे सत्य एखाद्या कर्जदात्याने उजेडात आणलेले नाही. जाहीर सुनावणीत कागद मागणाऱ्या नागरिकांनी आणि पुण्याच्या 'प्रयास'सारख्या अभ्यासगटांनी ते खोदून काढले.

यातून आपण बोध काय घ्यावा? 'वीज फुकट द्या' ही घोषणा सोपी आहे. परंतु तिने दर ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती येत नाही. खर्च भरून निघालाच पाहिजे, हे आपण मान्य करू. मात्र कोणता खर्च, आणि कोणाकडून, हा प्रश्न राजकीय आहे; तो हिशेबनिसावर सोपवता येणार नाही. एका खोलीत दोन दिवे व पंखा चालवणाऱ्या कुटुंबाने डॉलरच्या चढउताराचा धोका का वाहावा? न वापरलेल्या विजेचा स्थिर आकार त्याच्या माथी का यावा?

आणि हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. २०२१ मध्ये केंद्राने ३ लाख कोटी रुपयांहून मोठी वितरण योजना आणली. तिचा निधी राज्यांना मिळतो तो प्रीपेड स्मार्ट मीटर आणि ठरवून दिलेल्या सुधारणा यांच्या अटींवर. सावकार वॉशिंग्टनचा नाही, दिल्लीचा आहे. परंतु पैशाबरोबर धोरण लादण्याची रीत तीच आहे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. दीर्घ मुदतीचा कोणताही वीजखरेदी करार सहीपूर्वी विधिमंडळापुढे यावा. परकीय चलनाचा धोका घरगुती दरात चढवू नये. निर्वाहापुरत्या युनिटांचा दर कुटुंबाच्या ऐपतीला धरून असावा, आणि त्याची भरपाई राज्याच्या तिजोरीतून उघडपणे, अर्थसंकल्पात दाखवून व्हावी.

आणि काम? प्रत्येक शाखेने वस्तीतली बिले गोळा करावीत. वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार या ओळींचा अर्थ लोकांना समजावून द्यावा. आयोगाच्या जाहीर सुनावणीत लेखी हरकत दाखल करावी आणि तेथे उभे राहून बोलावे. मोर्चा अवश्य काढा, साथी हो. पण मोर्चाच्या हातात फलकाबरोबर करारातील कलमही असू द्या. दाभोळचा करार मुंबई-दिल्लीच्या बंद दालनांत झाला होता. पुढचा करार उघड्या सभेत वाचायला लावणे हेच आपले काम आहे.