एक चपराक आणि आठ पारितोषिके

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२७ मार्च २०२२ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरमध्ये चौऱ्याण्णवावा ऑस्कर समारंभ चालू होता. अनुबोधपटाचे पारितोषिक जाहीर करण्यासाठी विनोदी नट ख्रिस रॉक रंगमंचावर आले. समोर बसलेल्या जेडा पिंकेट स्मिथ यांच्या केशहीन मस्तकावर त्यांनी एक कोटी केली. जेडा यांना केस गळण्याचा विकार आहे, हे त्यांनी स्वतःच २०१८ मध्ये जाहीर केले होते. त्यांचे पती, अभिनेते विल स्मिथ, प्रथम हसले. मग उठून रंगमंचावर गेले, रॉक यांना एक सणसणीत चपराक लगावली आणि जागेवर परत येऊन दोनदा शिवीगाळ केली. अमेरिकेतील एबीसी वाहिनीने आवाज बंद केला. जपान व ऑस्ट्रेलियातील प्रक्षेपणात तो ऐकू गेला आणि ती चित्रफीत हा हा म्हणता जगभर पसरली. तासाभराच्या आतच त्याच विल स्मिथ यांना ‘किंग रिचर्ड’मधील भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजविल्या. स्मिथ यांनी अश्रू ढाळीत अकादमीची आणि इतर नामांकितांची क्षमा मागितली; ज्याच्या गालावर हात पडला त्याची क्षमा मागायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

त्यानंतरचे कित्येक दिवस जगातील कोट्यवधी माणसे या एकाच घटनेविषयी बोलत होती. चळवळीतल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया तिटकाऱ्याची होणे स्वाभाविक आहे. त्याच महिन्यात, १६ मार्चला, युक्रेनमधील मारियुपोल शहरात ज्या नाट्यगृहात स्त्रिया-मुलांनी आसरा घेतला होता त्यावर बॉम्ब पडला होता. अशा काळात दोन धनाढ्य नटांच्या भांडणाची एवढी मातब्बरी कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु या तिटकाऱ्यावर थांबणे म्हणजे जनतेला उथळ ठरवून आपली सुटका करून घेणे होय. लोक नेमके काय बोलत होते, हे आधी पाहिले पाहिजे.

कोणी म्हणाले, आजारी पत्नीची भर सभेत चेष्टा होत असताना नवऱ्याने हातावर हात ठेवून बसावे काय? कोणी म्हणाले, शब्दाला हाताने उत्तर देण्याचा पायंडा पडला तर उद्या कोणताही विदूषक सत्ताधाऱ्यांची टिंगल करू धजणार नाही. स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी विचारले, ज्या स्त्रीचा अपमान झाला तिचे मत कोणी घेतले? की पत्नीची अब्रू ही अजून पतीचीच मालमत्ता आहे? कृष्णवर्णीय स्त्रियांचे म्हणणे आणखी वेगळे होते. अमेरिकेत त्यांचे केस हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अवहेलनेचा विषय राहिला आहे. केसांच्या ठेवणीवरून नोकरी नाकारली जाऊ नये म्हणून कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये कायदा करावा लागला, आणि तशाच कायद्याचे विधेयक अमेरिकन प्रतिनिधिगृहाने या समारंभाच्या अवघे नऊ दिवस आधी संमत केले होते. रॉक यांनी स्वतः २००९ मध्ये या विषयावर अनुबोधपट केलेला. तेव्हा ही जखम त्यांना ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. दुसरीकडे अनेक कृष्णवर्णीयांना भीती वाटली की, एका माणसाच्या संतापाचे खापर सबंध समाजाच्या माथी फोडले जाईल. गोरा नट चुकला तर तो एकटा चुकतो; काळा नट चुकला तर त्याची जात चुकते, हा त्यांचा अनुभव होता. भारतातील दलित वाचकाला तो समजावून सांगण्याची गरज नाही.

ही मते परस्परविरोधी होती, पण क्षुद्र नव्हती. आजार, अब्रू, विनोदाची मर्यादा, स्त्रीचे स्वत्व, वर्णद्वेष हे सारे प्रश्न त्यांत होते. सामान्य माणसाला नीतीचा विचार करण्यासाठी सर्वांना माहीत असलेले एखादे उदाहरण लागते. पूर्वी ते पुराणातून, कीर्तनातून मिळे. भरसभेतील द्रौपदीच्या अपमानावर आणि पांडवांच्या मौनावर मराठी खेड्यांनी शतकानुशतके वाद घातले आहेत. आज ते उदाहरण दूरचित्रवाणी पुरविते. फरक एवढाच की, कीर्तनकार उदाहरणावरून सिद्धान्ताकडे नेत असे. बाजारपेठ माणसाला उदाहरणातच गुंतवून ठेवते, कारण तिथे प्रेक्षकाची नजर हाच विक्रीचा माल असतो.

एक प्रश्न मात्र अनेक साध्या प्रेक्षकांनी अचूक विचारला. हेच कृत्य त्या सभागृहातील एखाद्या वीजतंत्र्याने किंवा दारावरच्या माणसाने केले असते तर? त्याला क्षणार्धात बाहेर नेले असते आणि त्याची नोकरी त्याच रात्री गेली असती. विल स्मिथ जागेवर बसून राहिले. बाहेर जाण्यास सांगितले असता त्यांनी नकार दिला, असे अकादमीने नंतर सांगितले; पण तसे खरोखर सांगितले गेले होते काय, यावरही वाद झाला. रॉक यांनी पोलिसांकडे तक्रार करण्यास नकार दिला. एकाच छताखाली दोन कायदे कसे चालतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. हा वर्गीय जाणिवेचा धडा कोणत्याही पुस्तिकेवाचून मिळाला, याची नोंद घेतली पाहिजे.

आता संस्थेचा न्याय पाहू. १ एप्रिलला स्मिथ यांनी अकादमीचे सदस्यत्व सोडले; ८ एप्रिलला अकादमीने त्यांना आपल्या सर्व कार्यक्रमांस दहा वर्षांची बंदी केली. एकंदर बारा दिवसांत निकाल लागला. एका अल्पवयीन मुलीशी केलेल्या लैंगिक गुन्ह्याची कबुली देऊन, शिक्षेपूर्वीच १९७८ मध्ये अमेरिकेतून पळालेले दिग्दर्शक रोमन पोलान्स्की यांना याच अकादमीने २००३ मध्ये सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक दिले, आणि त्यांच्या अनुपस्थितीत सभागृहातील अनेकांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या. त्यांना सदस्यत्वावरून दूर करायला २०१८ साल उजाडले. चपराक निषेधार्ह होती, यात शंका नाही. परंतु जो गुन्हा कॅमेऱ्यासमोर होतो आणि समारंभाची शोभा घालवितो त्याला तात्काळ शासन, आणि जो बंद दाराआड दुर्बलावर होतो त्याला चाळीस वर्षांची सवलत, असा हा तराजू आहे.

याहून बोलकी गोष्ट त्याच रात्रीची आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात राहिली. त्या वर्षी अकादमीने तेवीसपैकी आठ पारितोषिके थेट प्रक्षेपणातून वगळली होती: संकलन, पार्श्वसंगीत, ध्वनी, रंगभूषा व केशभूषा, कलादिग्दर्शन आणि तीन प्रकारचे लघुपट. ती प्रक्षेपणाच्या आधी देऊन, त्यांची कापलेली दृश्ये मधूनमधून दाखविण्यात आली. कारण वेळ वाचविण्याचे दिले गेले. तरी समारंभ साडेतीन तासांहून अधिक चालला. २००९ मध्ये ए. आर. रहमान यांना पार्श्वसंगीतासाठी आणि रसूल पूकुट्टी यांना ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळाले तेव्हा भारतभर आनंद झाला. हा नियम तेव्हा असता, तर ते दोन्ही क्षण थेट दिसले नसते. ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय, कोल्हापूरच्या भानू अथैया, याही पडद्यामागच्याच कलावंत. १९८३ मध्ये ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना हा मान मिळाला होता. चित्रपट ज्यांच्या हातांनी बनतो त्यांना वेळ नाही, आणि ताऱ्यांसाठी वेळच वेळ, हा त्या रात्रीचा जमाखर्च होता.

तो का, हे आकड्यांवरून कळते. २०१४ मध्ये अमेरिकेत हा समारंभ सुमारे ४ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला होता. २०२१ मध्ये ती संख्या १ कोटी ४ लाखांपर्यंत घसरली. जाहिरातदार प्रेक्षकांच्या डोक्यांगणिक पैसे मोजतो. डोकी कमी झाली की कात्री प्रथम श्रमिकांवर चालते, हा कारखान्यातला नियम येथेही लागू पडला. २०२२ मध्ये प्रेक्षक १ कोटी ६६ लाखांवर गेले. ही सारी वाढ चपराकीमुळे झाली असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण ती घडेपर्यंत दोन तास उलटून गेले होते.

या संस्थेचा जन्मही विसरता कामा नये. १९२७ मध्ये एम.जी.एम. कंपनीचे प्रमुख लुई मेयर यांच्या पुढाकाराने ती निघाली, तेव्हा कलावंत आणि तंत्रज्ञ यांनी स्वतंत्र संघटना काढू नयेत, हा मालकांचा एक हेतू होता. पटकथालेखक डडली निकोल्स यांनी हे ओळखले होते. लेखकसंघाचा झगडा चालू असल्यामुळे १९३६ मध्ये त्यांनी आपले ऑस्कर नाकारले.

आणि त्या आठ पारितोषिकांचे काय झाले? समारंभापूर्वीच अनेक नामवंत दिग्दर्शकांनी व तंत्रज्ञांनी निषेध नोंदविला होता, आणि तो त्यांनी सोडून दिला नाही. १२ मार्च २०२३ च्या समारंभात सर्व तेवीस पारितोषिके पुन्हा थेट दाखविण्यात आली. कोट्यवधींच्या उद्रेकाने विल स्मिथ यांच्यावरील बंदीपलीकडे फारसे काही बदलले नाही. एका व्यवसायातील माणसांच्या नेमक्या मागणीनंतर मात्र नियम मागे घेतला गेला. त्याच वर्षी हॉलीवूडचे लेखक १४८ दिवस आणि नट ११८ दिवस संपावर राहिले. त्या संपाविषयी चावडीवर, चहाच्या दुकानात किती चर्चा झाली, याचा विचार प्रत्येकाने करावा.

म्हणून कार्यकर्त्याने अशा प्रसंगी नाक मुरडू नये. शाखेच्या बैठकीत तरुण मुले या विषयावर तावातावाने बोलत असतील तर त्यांना बोलू द्यावे, आणि मग दोन प्रश्न पुढे ठेवावेत: हेच एखाद्या कामगाराने केले असते तर काय झाले असते, आणि त्या रात्री पडद्यावरून कोणाला वगळले होते? उत्तरे ती मुले स्वतःच शोधतील. तेवढी त्यांची बुद्धी आणि न्यायाची चाड शाबूत आहे, हे या साऱ्या गदारोळानेच दाखवून दिले आहे.