रुग्णाच्या झोपेची नोंद कोण घेणार?



महादेवाच्या आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींच्या या प्रतापगडावर स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. महाशिवरात्रीला इथे लोक रात्र जागवतात. दिवाळी सरली की मंडईच्या दिवसांत आमचा झाडीपट्टीचा माणूस रात्रभर नाटक पाहतो आणि सकाळी धानाच्या चुरण्याला उभा राहतो. जागरणाचे त्याला वावडे नाही. तोच माणूस ऑपरेशनच्या आदल्या रात्री मात्र पार खचून जातो, आणि हे जागरण केसपेपरवर कुठेच येत नाही.

नाडी लिहिली जाते, ताप लिहिला जातो, लघवी किती झाली तेही लिहिले जाते. झोप किती झाली हे कोणी विचारतच नाही. आजच्या परिषदेकडून माझे मागणे एवढेच आहे, की ही एक ओळ तक्त्यात यावी.

अर्जुनी-मोरगावकडचा रुग्ण गोंदियाला भरती होतो. खाट परकी, दिवा डोक्यावर. ‘भुलीतून उठलोच नाही तर?’ हा प्रश्न तो डॉक्टरांना विचारत नाही, बायकोलाही नाही. खर्रा संध्याकाळपासून बंद, त्यामुळे जीव कासावीस. त्यात ‘रात्रीपासून पाणीही नाही’ असे बजावलेले. प्रौढ रुग्णाला एरवी काही अडचण नसेल, तर हलके खाणे भुलीच्या सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, हे आपण सारे जाणतो. मग दुपारच्या यादीतल्या माणसाला रात्रभर तहानलेले का ठेवायचे? भूलतज्ज्ञाने संध्याकाळी खाटेपाशी दहा मिनिटे बसून उद्या काय होणार ते सांगितले, तर निम्मी धास्ती तिथेच उतरते, असे माझे ठाम मत आहे.

घोरणाऱ्याबद्दल घरचे कौतुकाने सांगतात, ‘याला झोप मस्त लागते.’ तिथेच आपण कान टवकारले पाहिजेत. झोपेत श्वास अडकत असेल, तर भूल आणि त्यानंतरची अफूवर्गीय वेदनाशामके त्याला धोक्याची ठरतात. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलेली ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची यादी यासाठीच आहे. तिला वजनकाटा, टेप आणि रक्तदाबाचे यंत्र पुरते. ते तर आपल्या ग्रामीण रुग्णालयातही असते.

ऑपरेशननंतरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. भूल म्हणजे झोप नव्हे. भुलीचे तास झोपेच्या खात्यात जमा होत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन रात्री गाढ झोप आणि स्वप्नांची झोप जवळजवळ नाहीशी होते. शरीरावरचा आघात, दुखणे आणि औषधे ही त्याची कारणे. पुढच्या काही रात्रींत स्वप्नांची झोप उसळी मारून परत येते, तेव्हा भयाण स्वप्ने पडतात, श्वास अनियमित होतो. म्हातारा माणूस तिसऱ्या रात्री सलाईन उपसून ‘बैल सुटले, बैल सुटले’ म्हणत उठतो आणि नातेवाईक मांत्रिकाचा विचार करू लागतात. त्यांना समजावणारे कुणीतरी हवे. अशा वृद्धाला झोपेची गोळी दिल्याने भ्रम वाढूही शकतो. त्यापेक्षा त्याचा चष्मा, त्याचे श्रवणयंत्र आणि घरचे माणूस जवळ ठेवा, दुखणे आवरा, दिवसा उठवून खुर्चीत बसवा.

उरते आपल्या हातातले. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये आवाजावर एक अख्खे प्रकरण लिहिले. आजही पहाटे चारला दिवे लागतात, ट्रॉली खडखडते, रक्त काढायला कुणीतरी हलवून उठवते. प्रकृती स्थिर असेल, तर दोन तपासण्या एका फेरीत उरकता येतील. रात्रपाळीत एका परिचारिकेकडे किती खाटा असतात ते मी पाहिले आहे, म्हणून हा भार एकट्या तिच्यावर टाकू नका. फेरीच्या वेळा डॉक्टर ठरवतात, त्यांनीच बदलाव्यात.

म्हणून दुपारच्या सत्रात रात्रपाळीच्या परिचारिका आधी बोलतील, आम्ही डॉक्टर नंतर. त्यांच्या सूचनांवरून तक्त्याचा मसुदा संध्याकाळी इथेच तयार करू. जेवण मंडपामागे आहे. मुक्कामाची सोय कार्यकर्ते सांगतील.  आता परिषदाध्यक्षांनी सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.